तळ्यातला शिंपला, भीमेतला शिंपला: जनुकीय मार्करचं काम पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

सोलापुरात राहून शिंपल्यांवर काम करते म्हटलं की समोरच्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. "समुद्र कुठंय इथं?" समुद्र नाही, पण भीमा आहे, सीना आहे, हिप्परग्याचा तलाव आहे आणि उजनीचं एवढं मोठं पाणी आहे. उन्हाळ्यात धरण मायनसमध्ये गेलं की बॅकवॉटरच्या काठचा गाळ उघडा पडतो आणि त्यात हाताच्या तळव्याएवढे शिंपले दिसायला लागतात. कोकणातल्या तिसऱ्या त्या वेगळ्या. आपले हे गोड्या पाण्यातले, बहुतेक लॅमेलिडेन्स वंशाचे. त्यांच्यासोबत नखाएवढी पिवळसर कॉर्बिक्युलाही सापडते, बारकाईनं पाहिलं तर.

गेल्या काही वर्षांत शेततळ्यात मोत्यांसाठी शिंपले सोडणारे शेतकरी दिसायला लागले. त्याच्या मागोमाग एम.एस्सी.च्या मुलांचे प्रोजेक्टही आले: फार्मचे आणि नदीचे शिंपले जनुकीयदृष्ट्या वेगळे आहेत का? विषय चांगला आहे. पण दरवर्षी मुलं त्याच त्याच ठिकाणी अडकतात, मीही अडकले होते. म्हणून हे लिहिते आहे. अनुभवी लोकांना यात नवीन काही मिळणार नाही.

आधी प्रश्न नीट करा

"फार्म विरुद्ध नदी" हा प्रश्न इटलीत किंवा चीनमध्ये सरळ आहे. तिथं तिसऱ्यांचं बी हॅचरीत तयार होतं, मोजक्या नर-माद्यांपासून. मनिला क्लॅम म्हणून जी जात आहे, ती मूळची पूर्व आशियातली. १९८३ साली ती व्हेनिसच्या खाडीत सोडली आणि पुढं तिथल्या मासेमारीचा मोठा भाग तीच झाली. मूळची स्थानिक जात मागे पडली. अशा ठिकाणी हॅचरीचा माल आणि रानचा माल यांची तुलना म्हणजे खरोखर दोन वेगळ्या पिढ्यांची तुलना.

आपल्याकडे तसं नाही. शेततळ्यातले शिंपले बहुतेक वेळा कुठल्यातरी नदीतून किंवा तलावातून उचलून, व्यापाऱ्याकडून विकत घेऊन टाकलेले असतात. म्हणजे ‘फार्म’ म्हणून तुम्ही जे मोजणार, ते दुसऱ्या पाण्यातले रानटी शिंपलेच. फरक सापडला तरी तो शेतीनं घडवला असं म्हणता येत नाही. फक्त मूळ गाव वेगळं.

म्हणून तळ्यावर गेल्यावर पहिलं काम मालकाशी बोलण्याचं, आणि चहा घेत घेत बोलायचं, फॉर्म भरून घेतल्यासारखं नाही. शिंपले कुठून आणले, किती, कोणत्या साली, एकाच खेपेत की दोन-तीन खेपांत? किती मेले? तळ्यात मासे आहेत का? मुख्य म्हणजे, टाकले त्यापेक्षा लहान शिंपले कधी सापडले का?

माशांचं एवढ्यासाठी विचारायचं, की या शिंपल्यांची पिल्लं थेट मोठी होत नाहीत. मादी आपल्या कल्ल्यांत अंडी वाढवते आणि ग्लोकिडियम नावाच्या बारीक अळ्या पाण्यात सोडते. या अळ्या माशाच्या कल्ल्यांना किंवा परांना चिकटतात, काही दिवस तिथं काढतात आणि मग खाली पडून शिंपला होतात. मासाच नसेल तर तळ्यात पुढची पिढी नाही. लहान शिंपले सापडले तर मात्र तुमचा प्रोजेक्ट एकदम रंगतदार होतो, कारण मग तळ्यात जन्मलेले आणि तळ्यात आणलेले असे दोन गट हाती येतात. शिंपले स्वतः फार हलत नाहीत, पण मासा त्यांना नदीभर फिरवतो, हेही ध्यानात ठेवा. भीमेवर टेंभुर्णीजवळ उजनीचं धरण आहे. १९८० पासून ती भिंत माशाला आडवी आहे, म्हणजे शिंपल्यालाही. धरणाच्या वरचे आणि खाली पंढरपूरकडचे शिंपले वेगळे पडत चालले असतील का, हा माझ्या मते फार्मपेक्षा चांगला प्रश्न आहे, पण तुम्ही तुमचा घ्या.

मार्कर कोणता

प्रश्न लिहून झाला की मगच मार्कर, म्हणजे डीएनएमधला जो तुकडा पाहून प्राणी वेगळे ओळखायचे तो. उलटं करू नका. लॅबमध्ये जी रसायनं पडून आहेत त्यावरून मार्कर ठरवलेले प्रोजेक्ट मी पाहिलेत. शेवटच्या पानावर त्यांच्याकडे सांगण्यासारखं काही नसतं.

"ही जात नक्की कोणती?" असा प्रश्न असेल तर सीओआय पुरतो. मायटोकॉन्ड्रियातला हा जनुक, त्याचा साधारण ६५८ अक्षरांचा तुकडा जगभर बारकोड म्हणून वापरतात. लॅमेलिडेन्स मार्जिनॅलिस आणि लॅमेलिडेन्स कोरियानस हे नुसत्या कवचावरून ओळखताना चांगले चांगले चुकतात, कारण वाहत्या पाण्यातलं आणि साचलेल्या पाण्यातलं कवच एकाच जातीतही वेगळं दिसतं. तळ्यात दोन जाती मिसळलेल्या असतील आणि तुम्ही त्यांना एक धरून पुढची गणितं केलीत, तर सगळंच वाया. त्यामुळे तुमचा अंतिम प्रश्न काहीही असो, सीओआय आधी करून घ्याच. जोडीला १६-एस हा मायटोकॉन्ड्रियातलाच दुसरा जनुक घेतला तर उत्तम.

पण इथं एक मोठी मेख आहे. शाळेत शिकवतात की मायटोकॉन्ड्रिया फक्त आईकडून येतो. शिंपल्यांना हे कुणी सांगितलेलं नाही. या कुळातल्या बहुतेक जातींत मायटोकॉन्ड्रियाचे दोन प्रकार चालतात. एक आईकडून सगळ्या पिल्लांना जातो. दुसरा बापाकडून फक्त मुलग्यांना जातो आणि त्यांच्या जननग्रंथीत राहतो. मनिला क्लॅममध्येही हेच. या दोन प्रकारांत इतका फरक असतो, की एकाच नराचे दोन तुकडे तपासले तर दोन वेगळ्या जाती वाटाव्यात. एका मुलानं शिंपला उघडून हाताला लागेल तो मऊ भाग घेतला होता आणि त्याला नवीन जात सापडल्याचा तीन आठवडे आनंद झाला होता. तुकडा पायाचा किंवा मँटलच्या, म्हणजे कवचाला आतून लागलेल्या पातळ पडद्याच्या, कडेचा घ्या. जननग्रंथी पायाच्या वरच्या बाजूला, आतड्याभोवती पसरलेली असते, तिला सुरी लागू देऊ नका.

"फार्मच्या गटात विविधता कमी झाली का, दोन गटांत देवाणघेवाण आहे का?" असं विचारायचं असेल तर एकटा सीओआय तोकडा पडतो. तो एकच जनुक, एकाच बाजूचा. इथं मायक्रोसॅटेलाइट लागतात. सोलापुरी चादरीच्या काठावर एकच नक्षी ओळीनं येते, एका चादरीत १२ वेळा, दुसरीत १५ वेळा. तसंच डीएनएमध्ये दोन ते सहा अक्षरांचा तुकडा ओळीनं येत राहतो आणि तो किती वेळा येतो हे प्राण्यागणिक बदलतं. आईकडची एक प्रत, बापाकडची एक, दोन्ही मोजता येतात. अशा एकेका प्रकाराला अ‍ॅलील म्हणतात. असे आठ-दहा मार्कर असले की काम चालू होतं.

शिंपल्यांत मायक्रोसॅटेलाइटला एक जुनं दुखणं आहे, त्याला नल अ‍ॅलील म्हणतात. प्रायमर, म्हणजे प्रती काढायला सुरुवात करून देणारा डीएनएचा छोटा तुकडा, जिथं बसायचा तिथलंच अक्षर बदललेलं असलं, तर ती प्रत वाढतच नाही आणि दोन वेगळ्या प्रती असलेला प्राणी एकाच प्रतीचा दिसतो. द्विपुट प्राण्यांत असे बदल फार. परिणाम असा की मिश्र, म्हणजे दोन वेगळ्या प्रतींचे, प्राणी अपेक्षेपेक्षा कमी भरतात आणि नवखा माणूस लगेच लिहून मोकळा होतो, "फार्ममध्ये अंतःप्रजनन आढळले." हा दोष नदीच्या गटातही तेवढाच दिसतो का, ते आधी पाहा. मायक्रोचेकर नावाचं सॉफ्टवेअर यासाठीच आहे. दुसऱ्या जातीसाठी बनवलेले प्रायमर उसने घेतले असतील तर हा त्रास हमखास वाढतो, म्हणून आधी आठ-दहा प्राण्यांवर चाचणी करा आणि न जमणारे मार्कर निर्दयपणे टाका.

एसएनपीचं नाव तुम्ही ऐकलं असेलच. एका एका अक्षराचे हजारो फरक एकदम मिळतात. आज संशोधन तिकडेच गेलंय. पण त्याला अखंड, न तुटलेला डीएनए लागतो, खर्च मोठा आणि नंतर कॉम्प्युटरवर बसणारं माणूस लागतं. एम.एस्सी.च्या सहा महिन्यांत नको. पीएच.डी.ला जरूर.

आणि आरएपीडी, म्हणजे कुठलाही छोटा प्रायमर लावून नुसती बँडची नक्षी पाहायची पद्धत? स्वस्त आहे, जेलवर बँड छान येतात, कॉलेजात अजून चालतं. पण तापमान किंवा मशीन बदललं की बँड बदलतात, आणि दुसऱ्या लॅबला तुमचं काम पुन्हा करून पाहता येत नाही. माझं मत स्पष्ट आहे: करू नका. गाईडनं आग्रह धरला तर सरावापुरतं करा.

कॉर्बिक्युलाबद्दल एवढंच की पहिल्या प्रोजेक्टला ती नकोच. तिच्या काही वंशावळींत पिल्लाचा केंद्रकातला सगळा डीएनए बापाचाच असतो, आईचा बाहेर टाकला जातो. मग मायटोकॉन्ड्रिया एक गोष्ट सांगतो आणि मायक्रोसॅटेलाइट दुसरी.

नमुने आणताना

अर्धं काम इथं बिघडतं. मशीनवर बिघडलेलं पुन्हा करता येतं, नदीवर बिघडलेलं नाही.

प्रत्येक ठिकाणचे किमान ३० प्राणी धरा. सीओआयसाठी १५-२० वर भागेल, पण मायक्रोसॅटेलाइटला ३० हवेतच. सगळे एकाच खड्ड्यातून काढू नका. काठाकाठानं चारपाचशे मीटर चाला, थोडे थोडे घ्या, लहान-मोठे दोन्ही घ्या. शिंपला चिखलात अर्धा गाडलेला असतो, गुडघाभर पाण्यात पायाला लागतो. ज्या पाण्यात मासेमारीचा ठेका किंवा सोसायटी आहे तिथं आधी त्यांना भेटा. मला उजनीवर पहिल्यांदा शिंपले दाखवले ते तिथल्या एका भोई मामांनी. कुठल्या कोपऱ्यात चिखल खोल आहे, हे नकाशावर नसतं, मामांना माहीत असतं.

उघडे पडलेले, तोंड आ वासलेले शिंपले घेऊ नका, ते मेलेले असतात. सोलापूरच्या मे महिन्यात पारा ४२-४३ वर असतो आणि मेलेल्या शिंपल्याचा डीएनए तासांत तुटायला लागतो. जिवंत शिंपले ओल्या गोणपाटात गुंडाळून, खाली बर्फ ठेवलेल्या पेटीत, बर्फाला थेट न लावता आणले तर दिवसभर तग धरतात. पाण्यानं भरलेल्या बादलीत आणू नका. एसटीत ती हिंदकळते आणि एक मेला की पाणी सडून बाकीचेही जातात.

मारायचे नसतील, आणि तळ्याच्या मालकाचे असतील तर मारायचे नसतातच, तर कवच हलक्या हातानं सेंटिमीटरभर उघडून मँटलच्या कडेचा तांदळाएवढा तुकडा चिमट्यानं घ्यायचा आणि शिंपला परत पाण्यात. जखम भरून येते.

तुकडा ९५ टक्के अल्कोहोलमध्ये. तुकड्याच्या दहापट तरी अल्कोहोल हवं. दुसऱ्या दिवशी ते बदला, कारण शिंपल्यातलं पाणी उतरून ते पातळ होतं. फॉर्मॅलिन कधीच नाही. लॅबमधली मिथिलेटेड स्पिरिटही नाही.

आता लेबल. माझ्या पहिल्या खेपेत ४० ट्यूबांवर मी मार्करपेननं सुंदर अक्षरात नावं लिहिली. टेंभुर्णीहून येताना एक-दोन झाकणं गळली, अल्कोहोलनं शाई पुसली आणि घरी पोचेपर्यंत माझ्याकडे ४० निनावी तुकडे होते. तेव्हापासून जाड कागदाच्या चिटोऱ्यावर पेन्सिलीनं लिहून चिटोरा ट्यूबच्या आत टाकते. पेन्सिल अल्कोहोलमध्ये जात नाही. तोच नंबर वहीत, तोच कवचाच्या आतल्या बाजूला. मारलेल्या प्राण्याचं कवच टाकू नका, फोटो आणि लांबी घेऊन ठेवा. दोन वर्षांनी कुणी विचारलं "हा कोरियानस कशावरून?" तर दाखवायला काहीतरी हवं.

नमुने परदेशी लॅबला पाठवायचा विचार असेल तर जैविक विविधता कायदा, २००२ मध्ये येतो. गाईडला विचारल्याशिवाय पार्सल करू नका.

डीएनए काढणं

शिंपला बुळबुळीत का असतो? त्याच बुळबुळीतपणामुळे तुमचा पीसीआर, म्हणजे डीएनएच्या प्रती वाढवायची प्रक्रिया, लागत नाही. श्लेष्मातली शर्करा डीएनएबरोबर खाली येते आणि एन्झाइमला काम करू देत नाही. म्हणून मुलांना मी तयार किटपेक्षा सीटॅब या रसायनाची पद्धत सांगते, ती स्वस्तही आहे.

तुकडा अल्कोहोलमधून काढून टिश्यूपेपरवर कोरडा करा आणि ब्लेडनं बारीक चिरा. डाळीएवढाच घ्या. जास्त घेतल्यानं डीएनए जास्त येत नाही, चिकटा जास्त येतो. २ टक्के सीटॅबच्या बफरमध्ये प्रोटीनेज-के घालून ६० अंशाला, तुकडा विरघळेपर्यंत, लागल्यास रात्रभर. मग क्लोरोफॉर्म आणि आयसोअमाइल अल्कोहोल २४:१ प्रमाणात, सेंट्रिफ्यूज, वरचा स्वच्छ थर अलगद काढायचा. मधला पांढरा थर पिपेटमध्ये येता कामा नये, थोडं पाणी मागे राहिलं तरी चालेल. ही पायरी दोनदा करा. थंड आयसोप्रोपेनॉलनं डीएनए खाली बसवा, ७० टक्के अल्कोहोलनं धुवा, वाळवा, टीई बफरमध्ये विरघळवा. क्लोरोफॉर्मचं काम फ्यूमहूडमध्येच.

स्पेक्ट्रोफोटोमीटरवर डीएनए किती स्वच्छ आहे ते सांगणारं २६०/२८० गुणोत्तर १.८ ते २.० असलं की लोक खूश होतात. शिंपल्यात २६०/२३० पण बघा. ते फार खाली असेल तर शर्करा राहिलीय. अशा वेळी नमुना दहापट पातळ करून पीसीआर लावा. गंमत म्हणजे डीएनए कमी केल्यावर बँड येतो.

पीसीआर आणि जेल

सीओआयसाठी १९९४ मध्ये फोल्मर आणि सहकाऱ्यांनी दिलेली प्रायमरची जोडी, एलसीओ १४९० आणि एचसीओ २१९८, आजही पहिली निवड. अ‍ॅनीलिंग (प्रायमर डीएनएवर बसायचं तापमान) ४५ ते ५० अंशांत, ३५ फेऱ्या. जेल दीड टक्क्याची, बँड साधारण ७०० च्या खुणेपाशी. बँड येईना तर अ‍ॅनीलिंग दोन अंशांनी उतरवा, अनेक बँड आले तर चढवा.

प्रत्येक वेळी एक ब्लँक ठेवा, ज्यात डीएनएऐवजी नुसतं पाणी. ब्लँकमध्ये बँड आला तर त्या दिवसाचं सगळं टाकायचं. मन होत नाही, पण टाकायचं. इथिडियम ब्रोमाइड वापरत असाल तर ग्लोव्ह घालूनच, आणि त्याच ग्लोव्हनं दाराची कडी धरायची नाही.

सीक्वेन्स आल्यावर

सीक्वेन्सिंग, म्हणजे अक्षरांचा क्रम वाचणं, बाहेर करून घ्यायचं, दोन्ही बाजूंनी. फाइल आली की आधी आलेख डोळ्यांनी बघा. एकाच जागी दोन शिखरं सलग दिसत असतील तर नमुने मिसळलेत किंवा नराचे दोन्ही मायटोकॉन्ड्रिया एकदम वाढलेत. तुकडा कुठून घेतला होता ते वहीत पाहा.

मग अक्षरांचं प्रोटीनमध्ये भाषांतर करून पाहा, मेगा या सॉफ्टवेअरमध्ये होतं. कोड अपृष्ठवंशी मायटोकॉन्ड्रियाचा निवडा, यादीतला ५ नंबर. नेहमीचा कोड ठेवलात तर मध्येच थांब्याची खूण दिसेल आणि उगाच घाबराल. बरोबर कोड निवडूनही थांबा आला तर मात्र वाचण्यात चूक आहे, किंवा तो तुकडा मायटोकॉन्ड्रियातला नसून केंद्रकात जाऊन बसलेली जुनी नक्कल आहे. शेवटी ब्लास्ट करा, म्हणजे तुमचा सीक्वेन्स जेनबँक या सार्वजनिक साठ्यातल्या सीक्वेन्सशी ताडून पाहा. ब्लास्टनं दिलेलं पहिलं नाव म्हणजे देववाणी नव्हे. जेनबँकमध्ये चुकीच्या नावानं जमा केलेले शिंपलेही आहेत. पहिली दहा नावं बघा, ती एकमेकांशी जुळतात का बघा, आणि कवच समोर ठेवा.

आकडे वाचताना

डीएनए-एसपी या सॉफ्टवेअरमध्ये हॅप्लोटाइप, म्हणजे सीक्वेन्सचे वेगवेगळे प्रकार, किती आणि विविधता किती हे निघतं. पॉपआर्टमध्ये त्यांचं जाळं काढता येतं, आणि शेतकऱ्याला दाखवायला ते चित्रच सगळ्यात उपयोगी. मायक्रोसॅटेलाइटसाठी जेन-अ‍ॅलेक्सपासून सुरुवात करा, ते एक्सेलमध्ये चालतं.

हॅचरीचा किंवा तळ्यात जन्मलेला गट असेल तर अ‍ॅलीलची संख्या आधी पडते, मिश्र प्राण्यांचं प्रमाण बरंच नंतर. मोजक्या आईबापांतून विरळ अ‍ॅलील पहिल्यांदा गळतात. त्यामुळे फक्त हेटेरोझायगॉसिटी, म्हणजे हेच मिश्रांचं प्रमाण, पाहून "विविधता टिकून आहे" लिहू नका. आणि दोन गटांत प्राण्यांची संख्या सारखी नसेल तर अ‍ॅलील थेट मोजून तुलना करायची नाही, लहान गटाच्या संख्येला आणून करायची. त्याला रेअरफॅक्शन म्हणतात, एफस्टॅटमध्ये होतं.

स्ट्रक्चर या सॉफ्टवेअरचे रंगीत पट्टे सगळ्यांना आवडतात. तळ्यातले शिंपले सख्खी भावंडं असतील तर तो प्रोग्रॅम एका कुटुंबालाच वेगळा गट म्हणून रंगवतो. आधी भावंडं ओळखा, प्रत्येक कुटुंबातले एक-दोनच ठेवा, मग पुन्हा चालवा. पुष्कळदा रंग गायब होतो.

प्रोजेक्ट झाला की तळ्याच्या मालकाला निकाल सांगायला जा. सीक्वेन्स जेनबँकमध्ये जमा करताना ठिकाण लिहावं लागतं, त्याचं तळं त्यात कसं लिहायचं हेही विचारून घ्या. तो तुमचं सगळं ऐकून घेईल आणि हमखास विचारेल, "मॅडम, मग मोती जास्त कुठल्या शिंपल्यात?" तुम्ही वापरलेले मार्कर मोत्याबद्दल काही सांगत नाहीत. ते मूळ आणि नातं सांगतात. हे त्याला तसंच सांगा. पण पुढची खेप आणताना कुठल्या पाण्यातून आणली, कधी आणि किती, हे दारामागच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा म्हणावं. पुढच्या वर्षीच्या मुलांना तेवढं लागेल.